गुलाबाला धानाचं पाणी

आठ झाडं होती. सात जगली आणि एक माझ्या हातून मेलं. हे आधीच सांगते, कारण आता गल्लीतून जाणारे लोक फाटकाशी थांबतात, आत बघतात, आणि सिस्टर व्हरांड्यातल्या खुर्चीवरून माझ्याकडे बोट करून म्हणतात, "इसने किया सब." अशा वेळी मी आठव्या जागेकडे बघते.

मी अर्जुनी मोरगावच्या पलीकडच्या एका गावातली. घरी धानाची शेती. गावाबाहेर बोडी, म्हणजे पावसाच्या पाण्याचं लहान तळं, आणि बोडीच्या पोटाशी आमच्या चार बांध्या, बांध घातलेली धानाची शेतं. बाबा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. बी.एस्सी.साठी गोंदियाला माझा नंबर लागला तेव्हा घरात कुणीच कॉलेज आतून पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे तिथे काय विचारायचं असतं, कुणाला विचारायचं असतं, हे सांगणारं कुणी नव्हतं. पहिले काही महिने मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. हजेरीला "येस सर" म्हणायचे, तेवढाच माझा आवाज.

राहायला खोली मिळाली ती सिस्टरच्या घरी. त्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या, आणि अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. मुलगा रायपूरला नोकरीला. घरात त्या एकट्या. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, गोंदियात सगळ्यांचं असतं तसं.

माझ्या खिडकीतून पुढचं अंगण दिसायचं. तेव्हा त्याला अंगण म्हणणं कठीणच होतं. गाजरगवत गजांपर्यंत आलं होतं आणि त्यातून काही काळपट काटेरी काड्या वर डोकावत होत्या. एका काडीला कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. दीड महिना मी त्या दोरीवर कपडे वाळत घातले, पण ते गुलाबाचं झाड आहे हे मला समजलं नाही. बोरीचं रोपटं असेल असं वाटायचं. आमच्याकडे फुलझाड म्हणजे दारातला झेंडू. तो लावावा लागतो, सांभाळावा लागत नाही.

एका सकाळी ओढणी काट्यात अडकली. सोडवायला वाकले तर एक कळी दिसली. अर्धी किडीनं खाल्लेली, अर्धी उघडलेली. वास मात्र पूर्ण होता.

"सिस्टर, अंगणात गुलाब आहे," मी व्हरांड्यात जाऊन सांगितलं.

"आहे नाही. था," त्या पेपरमधून मान वर न करता म्हणाल्या. मग उजव्या हाताची तर्जनी माझ्यापुढे धरली. बोटाचं टोक वाकडं होतं आणि नख जवळजवळ नव्हतंच. "काट लिया मुझे. अठरा साल पानी पिलाया, और काट लिया."

काटा साधाच होता म्हणे. पण सिस्टरना शुगर. चार दिवस त्यांनी लक्ष दिलं नाही आणि बोट चिघळलं. मग महिनाभर त्यांच्याच दवाखान्यात, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मुलीकडून ड्रेसिंग. डॉक्टरांनी सांगितलं की काट्यांना पुन्हा हात लावायचा नाही. तेव्हापासून तीन वर्षं त्यांनी त्या झाडांकडे पाठ फिरवली होती.

"आता मिस्त्री येणार," त्या म्हणाल्या. "पूरा सिमेंट. पोरगा गाडी घेऊन येतो तर लावायला जागा नाही."

"कधी येणार?"

"उसका धान तो कटने दे. आता कोण मिस्त्री भेटतो?"

ते खरंच होतं. आमच्या जिल्ह्यात ज्याच्या हातात थापी असते त्याच्या घरी विळाही असतो. धान पिकलं की अर्ध्या शहराची बांधकामं थांबतात. मिस्त्री, सुतार, रंगारी, सगळे आपापल्या गावी कापणीला. सिस्टरच्या मिस्त्रीचं धान भारी, म्हणजे उशिरा पिकणारं. तो कापणी आणि चुरणी, म्हणजे मळणी, आटोपूनच परत येणार होता.

मी पुढचं का बोलले ते नक्की सांगता येत नाही. एक गोष्ट मी पाहिली होती. झाडांकडे पाठ फिरवली असं सिस्टर म्हणायच्या, पण त्यांची खुर्ची रोज अंगणाकडे तोंड करूनच असायची. आणि दुसरी गोष्ट माझी स्वतःची. या शहरात मला काहीच येत नव्हतं. एखादी तरी गोष्ट यावी असं वाटत होतं.

"मी बघू का करून?"

"तुझ्याच्यानं होईल?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

सिस्टरनी पेपर खाली ठेवला. "मिस्त्री यायच्या आधी फूल दाखव. सच्चा फूल, ऐसा कीडा खाया हुआ नहीं. दाखवलंस तर अंगण तुझं. नहीं तो सिमेंट."

गवत काढायला तीन दिवस लागले. निंदण मला येतं, त्यामुळे ते तीन दिवस सुखाचे गेले. गवत गेलं तेव्हा कळलं की झाडं आठ आहेत, चारचारच्या दोन रांगांत. सिस्टरना प्रत्येकाचा रंग तोंडपाठ होता. भिंतीकडचं पिवळं, त्याच्या बाजूचं गुलाबी, नळाजवळचं पांढरं. मला आठही सारखीच दिसत होती. वाळलेली.

छाटणी दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण गेल्यावर. ती सिस्टरच्या हुकमानंच झाली. त्या खुर्ची पायरीपर्यंत ओढून बसल्या. मला जाड हातमोजे दिले, कैची स्पिरिटनं पुसून घ्यायला लावली, आणि दर झाडानंतर पुन्हा पुसायला लावली. "एका पेशंटची बिमारी दुसऱ्याला द्यायची नाही."

"कुठून कापू?"

"काळं आहे ते मेलं. काट. आतून पांढरं-हिरवं दिसेपर्यंत खाली ये. डोळा दिसतो का? तो बाहेर बघतोय का आत?"

"कोणता डोळा?"

"अरे देवा. ती बारीक लाल गाठ. बाहेर बघणारी पकड, तिच्या थोडं वर, तिरका काट."

सगळ्यात हिरवी, जोमदार फांदी होती तीच त्यांनी मुळापासून काढायला लावली. मी काकुळतीनं बघितलं. ती कलमाच्या खालून फुटलेली जंगली फांदी, तिला फूल कधी यायचं नाही, नुसतं खाणार, असं त्यांनी सांगितलं. मी ती कापली खरी, पण विश्वास बसला नव्हता. संध्याकाळपर्यंत अंगणात गुडघ्याएवढे आठ खुंट उरले. गल्लीतली एक बाई फाटकातून म्हणाली, "सिस्टर, होळी की तैयारी अभी से?" सिस्टर म्हणाल्या, "तू लकडी लेके आ, जगह बहोत है."

दोन आठवड्यांत खुंटांवर लाल कोंब फुटले. गुलाबाचं नवं पान हिरवं नसतं, तांबूस असतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी कोंब मोजायचे. सिस्टर विचारायच्या नाहीत. पण मी आकडा मोठ्यानं सांगितला नाही तर त्या खोकायच्या.

मग दिवाळी आली. सिस्टर तीन आठवड्यांसाठी मुलाकडे रायपूरला गेल्या. जाताना किल्ली माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या, "देख लेना." मीही पाच दिवस घरी गेले. घरी मी फक्त गुलाबांबद्दलच बोलले असेन, कारण परत निघताना बाबा म्हणाले, "चाल, मीच येतो पोचवाले. पाहून तं घेऊ तुहे गुलाब."

बाबांनी डोक्यावर तांदळाचं पोतं घेतलं. अर्जुनीहून रेल्वेनं आम्ही गोंदियाला आलो. बाबांना शहरात अवघडल्यासारखं होतं. सिस्टरच्या व्हरांड्यात खुर्ची असूनही ते पायरीवरच बसले, चप्पल फाटकाबाहेर काढून. पण अंगणाकडे नजर गेली आणि ते उठले. पाच दिवस पाणी नव्हतं. कोंबांनी माना टाकल्या होत्या.

"किती पाणी देतेस वो याले?"

"दोन-दोन मग. एक दिवसाआड."

"मगानं?" बाबा हसले. "माय, चिमणीले पाजून राहिली का झाडाले?"

त्यांनी कोपऱ्यातलं फावडं घेतलं. तासाभरात त्यांनी आठही झाडांभोवती धुरा घातला, शेताला घालतात तसा मातीचा बांध. असा सरळ, असा घट्ट थापलेला, की आमच्या बांधीतही इतका सुबक नसेल. नळाची रबरी नळी आत सोडली आणि पाणी घोट्यापर्यंत उभं राहू दिलं. खालची माती चिकण. पाणी हललंच नाही. आकाश दिसत होतं त्यात.

बाबा धुऱ्यावर उकिडवे बसले. सकाळपासून पहिल्यांदाच ते त्यांच्या जागी बसल्यासारखे दिसत होते. "आता पाहाजो. पाणी उभं राह्यलं पायजे. आटू देजो नोको. आन् पिवळं पडलं तं हे टाकजो." त्यांनी धोतराच्या सोग्यातून एक पुरचुंडी काढून दिली. घरूनच बांधून आणलेला मूठभर युरिया होता.

मी पुरचुंडी घेऊन ठेवली. सिस्टरनी पाणी कसं द्यायचं ते सांगितलं होतं, पण बाबांनी आयुष्यभर पिकं काढली होती. माझी फी, पुस्तकं, हे सगळं त्या उभ्या पाण्यातूनच आलं होतं. त्यावर शंका घ्यायचं माझ्या मनात आलंच नाही. आणि आलं असतं तरी मी बोलले नसते.

मी रोज दोनदा पाणी भरलं. आटू दिलं नाही. पहिले तीन दिवस झाडं टवटवीत झाली आणि मी फोनवर बाबांना तसं सांगितलंही. मग खालची पानं पिवळी पडली. मग वरची. मी अजून पाणी सोडलं. बाबांना फोन केला.

"पिवळी पडून राहिली बाबा."

"मंग भूक लागली असन. टाक न तो युरिया."

धानाचं तसंच असतं. पिवळं पडलं की युरिया. नळाजवळचं झाड सगळ्यात जास्त पिवळं होतं. सगळी पुरचुंडी मी त्याच्याच बुडाशी ओतली.

सहाव्या की सातव्या दिवशी वर्गात सर वनस्पतींचं श्वसन शिकवत होते. नेहमीप्रमाणे मी शेवटून दुसऱ्या बाकावर, भिंतीला लागून. सर म्हणाले, "मुळंही श्वास घेतात. म्हणून पाणी साचलेल्या जमिनीत बरीच झाडं गुदमरून मरतात." मी वाक्य वहीत उतरवलं. त्याखाली पट्टी ठेवून रेघही मारली, परीक्षेत येईल म्हणून. रेघ अर्धी झाली आणि हात थांबला.

माझा हात वर कसा गेला ते मला माहीत नाही. सरांनाही नवल वाटलं असावं, कारण त्यांना माझं नाव आठवेना.

"सर, मग धान कसं जगतं?" मी विचारलं. आवाज चिरका आला.

मागून कुणीतरी म्हणालं, "हो गया. खेत आ गया क्लास में." थोडं हसू झालं. सर हसले नाहीत. खडू ठेवून ते म्हणाले, "बरोबर प्रश्न आहे. कुणी विचारत नाही हा." धानाची काडी आतून पोकळ असते, वरची हवा त्या वाटेनं खाली मुळांपर्यंत जाते, म्हणून ते पाण्यात उभं राहू शकतं. फळ्यावर त्यांनी काडीचं चित्र काढलं. "बाकीच्या झाडांना ही सोय नाही," ते म्हणाले. "गुलाब, आंबा, तूर, कुणालाच नाही."

गुलाबाचं नाव सरांनी सहज घेतलं होतं. पुढच्या तासाला मी बसले नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तास बुडवला.

घरी येऊन मी बाबांचा धुरा फोडला. फावड्यानं फोडताना हात जड झाले होते, कारण तो इतका छान घातलेला होता. पाणी फाटकाखालून गल्लीत गेलं. उन्हाळ्यात आटलेल्या बोडीच्या तळाला येतो तसा वास सुटला. नळाजवळचं झाड मी नुसतं धरलं तर ते हातात आलं. मुळं काळी होती आणि त्यांची साल ओल्या कागदासारखी निघत होती. आठातलं हे पांढरं असणार होतं, सिस्टरच्या सांगण्यानुसार. त्याचं फूल मी कधीच पाहिलं नाही.

उरलेल्या सातांची माती मी हातानं मोकळी केली. कुदळ लावायची हिंमत झाली नाही. मग पाणी बंद. दहा दिवस एक थेंबही दिला नाही. पाणी देणं सोपं असतं, न देणं फार कठीण, हे मला त्या दहा दिवसांत समजलं. नळी उचलून कोपऱ्यात ठेवली होती आणि मी रोज तिच्याकडे बघून खोलीत जात होते. पानं गळत राहिली. कोंब मोजायला काही उरलं नाही.

सिस्टर रायपूरहून आल्या तेव्हा मी फाटकातच उभी होते. काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

"सिस्टर, माझ्याकडून पाणी जास्त झालं. एक झाड मेलं. बाकीची पण बहुतेक..."

त्यांनी बॅग खाली ठेवली आणि अंगणात फिरल्या. कडेला धुऱ्याचा एक तुकडा अजून तसाच होता. त्याच्यापुढे त्या थांबल्या.

"ही मेड कुणी घातली?"

"मी."

"खोटं नको बोलू. इतनी सीधी मेड तू बनाएगी? बाप आया था?"

मी मान हलवली. रडू येत होतं, ते बाबांवर आळ आला म्हणून की झाडं गेली म्हणून, ते आज सांगता येणार नाही.

सिस्टर एका खुंटाजवळ वाकल्या. वाकडं बोट लांब ठेवून, दुसऱ्या हाताच्या नखानं त्यांनी फांदीची साल खरवडली. आत हिरवं होतं. दुसऱ्या झाडाची खरवडली. हिरवं. "सलाइन जास्त चढलं पेशंटला," त्या म्हणाल्या. "हो जाता है. मी नर्स असून चार दिवस आपल्या बोटाला पट्टी नाही लावली. आता बंद केलंस ना पाणी? बस. आता कुणी काही करू नका. ना तू, ना तेरा बाप, ना मैं."

त्याच आठवड्यात मिस्त्री माप घ्यायला आला. धान कापून झालं होतं, चुरणी बाकी होती. त्याने पानं गळालेल्या खुंटांकडे बघितलं आणि म्हणाला, "ये तो गए, सिस्टर. रेती कधी टाकू?"

मी खिडकीत होते. अट ठरलेली होती. मिस्त्री यायच्या आधी फूल. मिस्त्री आला होता आणि अंगणात पानही नव्हतं.

"तेरा चुरना हुआ?" सिस्टरनी विचारलं.

"नहीं ना. पंधरा दिन तो लगेंगे."

"तो अभी तू आया कहाँ. चुरून ये, मग बोलू."

मिस्त्री पंधरा दिवस म्हणाला आणि महिन्याच्या वर लावला. मिस्त्रींच्या या सवयीबद्दल मी पुढे कधी तक्रार केलेली नाही.

थंडी पडली. मातीला भेगा जाणार नाहीत इतपतच पाणी मी देत होते, तेही बोट खुपसून बघून. बोटाचं दुसरं पेर कोरडं लागलं तरच. आणि एका सकाळी भिंतीकडच्या झाडावर मोहरीएवढा लाल ठिपका दिसला. मी सिस्टरना सांगितलं नाही. कीड असेल अशी भीती होती. दुसऱ्या दिवशी तो जोंधळ्याएवढा झाला. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या झाडावर दोन. पाचव्या दिवशी मी व्हरांड्यासमोरून जाताना सिस्टर जोरात खोकल्या.

"अकरा," मी म्हणाले.

"बारा," त्या म्हणाल्या. "फाटकाजवळच्याचा बुडाचा तू नाही मोजला."

त्यानंतर झाडांनी जे केलं ते मला नीट लिहिता येणार नाही. सात खुंट होते, त्यांची सात झुडपं झाली. पानं आधी तांबडी, मग अशी गडद हिरवी की तेल लावल्यासारखी. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात कळ्या आल्या, आणि सिस्टरनी व्हरांड्यातून रंग जाहीर करायला सुरुवात केली. भिंतीकडचं पिवळं, बाजूचं गुलाबी. भिंतीकडचं उघडलं ते लालभडक.

"तुम्ही तर पिवळं म्हणाला होता."

"रंग बदला होगा उसने."

"असं होतं का?"

"चूप बैठ," सिस्टर म्हणाल्या, पण त्यांचं तोंड हसत होतं. पिवळं निघालं ते फाटकाजवळचं. सातांपैकी त्यांचे तीन रंग चुकले. तोंडपाठ असलेली यादी अशी चुकल्यावर एवढं खूश झालेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

मिस्त्री आला तेव्हा सहा झाडं फुलावर होती. त्याने सायकल फाटकाला टेकवली आणि आत न येता उभा राहिला. लाल झाडावर एकाच वेळी नऊ फुलं होती. मी मोजून ठेवली होती.

"तर मग, सिस्टर," तो म्हणाला, "सिमेंट नाही करायचं?"

"करायचं ना. कशाला आलास मग?" सिस्टर खुर्चीतून उठल्या आणि पायरी उतरून त्याला जागा दाखवायला लागल्या. "फाटकापासून इथपर्यंत सिमेंट, पोराच्या गाडीपुरतं. यहाँ से झाडों के चारों तरफ ईंट की किनार, एक बित्ता ऊंची. आणि सुन, खाली भोकं ठेव. पाणी निघून गेलं पाहिजे. एक भी बूंद रुकनी नहीं चाहिए."

बाबा आले ते मिस्त्रीचं काम चालू असतानाच. नव्या धानाचा तांदूळ घेऊन आले होते, पोत्याचं तोंड धानाच्या तणसाच्या, म्हणजे वाळलेल्या काड्यांच्या, दोरीनं बांधलेलं. मी त्यांना फोनवर इतकंच सांगितलं होतं की झाडं बरी आहेत. बाकीचं सांगायचं राहिलं होतं असं नाही. मी राहू दिलं होतं.

बाबांनी फुलं पाहिली. रांगेच्या टोकापर्यंत गेले, परत आले. मग म्हणाले, "आठ होते नं?"

"हो."

"नळाजवळचं कुठी गेलं?"

सिमेंट टाकून झालं होतं, मिस्त्री विटा लावत होता. सिस्टर व्हरांड्यात होत्या. दोघंही ऐकत होते. वर्गात हात वर करण्याहून हे कठीण होतं. तरी सांगितलं. उभ्या पाण्यानं मुळं गुदमरली. धान जगतं कारण त्याची काडी पोकळ असते, वरून हवा खाली जाते. गुलाबाला ती वाट नाही.

बाबांनी पोत्याच्या दोरीतून तणसाची एक काडी ओढून काढली. दोन्ही टोकं नखानं तोडली, ओठात धरली आणि फुंकली. बारीक शिट्टीसारखा आवाज आला.

"लहानपणी आमी याचीच पिपाणी करत होतो," ते काडीकडे बघत म्हणाले. "एवढं साल धान पिकवलं, पण हे कायले पोकळ हाय ते नाई विचारलं कोणाले." मग मिस्त्रीकडे वळून म्हणाले, "आयकलं का भाऊ? धानाचं नाक वर रायते. गुलाबाचं नाक खाली. आन् मी त्याचं नाकच बुडवून ठेवलं."

"मैं भी वही करता," मिस्त्री विटेवर थापी मारत म्हणाला. "पानी खडा करना तो पहला काम है."

बाबा पायरीपाशी गेले. "सिस्टरबाई, एक झाड मी मारलं तुमचं."

"अरे, सात वाचले ना," सिस्टर म्हणाल्या. "आठातले सात वाचले तर आमच्या वॉर्डात पेढे वाटायचे. वर बसा, भाऊ. खुर्ची आहे ती. पायरीपाशी कशाला उभे राहता?"

बाबा खुर्चीवर बसले. टोकावर बसले, पण बसले. चहा प्याले. चहा झाल्यावर सिस्टर आत गेल्या आणि माझे हातमोजे घालून बाहेर आल्या. तीन वर्षांत त्यांनी झाडाला हात लावला नव्हता. लाल झाडाची एक जाड फांदी त्यांनी स्वतः धरली, स्वतः कापली, पानं काढली आणि ती वीतभर काडी बाबांपुढे धरली. "लावा. जिथलं गेलं तिथंच. पांढरं नाही होणार, पण चालेल."

बाबांनी फावडं मागितलं नाही. हातानंच माती उकरली. मी बघत होते, ते आळं करतात की काय म्हणून. त्यांनी आळं केलं नाही. उलट मातीचा छोटा उंचवटा केला, वरंब्यासारखा, आणि त्यात काडी रोवली. धानाचं रोप रोवतात तशीच, अंगठा आणि दोन बोटांनी. मग तांब्या घेतला, हलकी धार सोडली आणि थांबून माझ्याकडे पाहिलं. आजवर शेतातल्या कुठल्याच गोष्टीबद्दल त्यांनी मला विचारलेलं मला आठवत नव्हतं.

"बस का?"

मी वाकले, मातीत बोट खुपसलं. दुसऱ्या पेरापर्यंत ओल पोचली होती.

"बस," मी म्हणाले.

बाबांनी उरलेलं पाणी सिमेंटवर ओतलं आणि तांब्या पालथा घातला.